पेठ सरकते, इमारत मागे राहते

गावातल्या सगळ्यात भक्कम घरांनाच सगळ्यात जास्त कुलपं का असतात? सिन्नर, येवला, चांदवड, निफाड, नाशिक जिल्ह्यातलं कुठलंही गाव घ्या. जुन्या पेठेत दोन-दोन हात जाडीच्या भिंती, सागवानी खांब, नक्षीचे दरवाजे, आणि दुपारी गल्लीत चिटपाखरू नाही. गावाबाहेर हायवेच्या कडेला मात्र चार अँगल रोवून पत्रा टाकलेल्या शेडमध्ये टायरवाला, खतवाला, मोबाइलवाला बसलेत आणि त्यांना जेवायला उसंत नाही.

विचारलं की लोक म्हणतात, काळ बदलला. हे उत्तर ऐकायला बरं वाटतं, पण त्यातून काही कळत नाही. नेमकं काय बदललं हे पाहायचं असेल तर प्रत्येक जुन्या इमारतीला दोन प्रश्न विचारावेत. इथला माल कशावर लादून यायचा? आणि पैसा कुणाच्या हातातून कुणाच्या हातात जायचा? गावातली बहुतेक घरं नुसती राहण्यासाठी बांधलेली नसतात, धंद्यासाठी बांधलेली असतात. धंद्याची वाट बदलली की दुकानदार दोन वर्षांत उठून दुसरीकडे जातो. भिंतींना जाता येत नाही.

वाडा म्हणजे धान्याचं कोठार

वाडा म्हटलं की आपल्याला चौक, झोपाळा आणि तुळशीवृंदावन आठवतं. हे सिनेमाने करून ठेवलंय. वाड्याचं खरं काम वसुलीचं होतं. पाटील, देशमुख, सावकार, सरदार यांच्याकडे सारा, खंड किंवा व्याज यायचं ते बरंचसं धान्यात. ते ठेवायला भिंतीच्या पोटात बळद, जमिनीखाली पेव किंवा तळघर. ओसरीवर कारकून हिशेब लिहिणार, आत माजघर, आणि दरवाजा इतका उंच की भरलेली गाडी किंवा घोडेस्वार आत यावा. खाली दगडी जोतं, खांबाखाली उथाळं, वर गावच्या पांढऱ्या मातीच्या भिंती आणि धाब्याचं छप्पर. पांढरी ही गावठाणातलीच माती. सिमेंट नसताना चार-सहा पिढ्या टिकलेली घरं या मातीची आहेत.

याचं थोरल्या मापातलं रूप पाहायचं तर चांदवडला जावं. होळकरांचा रंगमहाल तिथे आहे, अहिल्याबाईंच्या काळातला. मुंबई-आग्रा वाटेवरचं हे ठाणं इतकं महत्त्वाचं होतं की होळकरांची टांकसाळ इथे चालायची आणि चांदवडी रुपया दूरवर चालायचा. ज्या गावात नाणं पडतं तिथे सराफ येतो, सराफामागे कापडवाला, कापडवाल्यामागे शिंपी. टांकसाळ बंद झाली, सत्ता गेली आणि चांदवड पुन्हा एक तालुक्याचं गाव झालं. रंगमहाल तेवढा जागेवर राहिला.

बाकीच्या वाड्यांचा आधार तुटला तो नंतर, आणि तलवारीने नाही, कायद्याने. १९४८ चा कुळकायदा आला आणि १ एप्रिल १९५७ या कृषक दिनापासून कसणारी कुळं जमिनीची मालक मानली जाऊ लागली. न्याय म्हणून ही गोष्ट व्हायलाच हवी होती. पण वाड्याच्या बाजूने पाहिलं तर बळदात येणारं धान्य त्यामुळे थांबलं. वीस खणांचा वाडा शाकारायला, लिंपायला दरवर्षी जो पैसा लागतो तो पुण्या-मुंबईत नोकरीला लागलेल्या मुलाच्या पगारातून निघत नाही. त्यामुळे वाडे पडायला लागले ते पावसाने, पण त्याआधी त्यांचं उत्पन्न पडलं होतं.

येवला : घर मागाभोवती

येवल्याची गोष्ट वेगळी आहे, कारण तिथे घराच्या आतच कारखाना होता आणि अजूनही आहे.

गाव वसवण्याचं आणि बाहेरून विणकर आणून त्यांना इथे स्थिर करण्याचं श्रेय रघोजी नाईकांना दिलं जातं. पुढे पेशवाईत येवलं विंचूरकरांच्या जहागिरीत आलं. विठ्ठल शिवदेव विंचूरकर हे पानिपतावर लढलेले सरदार, त्यांचं विंचूर इथून फार लांब नाही. (त्याच विंचुरात आज वाइन पार्क आहे. सरदारांना काय वाटलं असतं कोण जाणे.) म्हणजे दरबारी गिऱ्हाईक जवळ, विणकर गावात, आणि रेशमी वस्त्राला मागणी. साळी, कोष्टी, खत्री, मोमीन अशा वेगवेगळ्या समाजांची घरं या एकाच धंद्यावर उभी राहिली.

आता या घरांची रचना पाहा. पारंपरिक हातमाग हा खड्डा माग असतो. विणकर जमिनीच्या पातळीवर बसतो आणि पाय खाली खड्ड्यातल्या पायट्यांवर ठेवतो. म्हणजे माग पहिल्या मजल्यावर नेता येत नाही, तो तळमजल्यालाच हवा. जमिनीतला गारवा धाग्याला मानवतो, कोरड्या हवेत रेशीम तुटतं. पुन्हा उजेड हवा, कारण पदरावरचा एकेक रंग डोळ्याने निवडून भरायचा असतो. म्हणून मागाची खोली रस्त्याच्या किंवा चौकाच्या अंगाला, खिडकी मागाजवळ, आणि स्वयंपाकघर मागे, धूर आणि राख रेशमापासून लांब. घर अरुंद पण लांबलचक असतं, कारण उभा धागा, म्हणजे ताणा, पसरायला लांबी लागते. ती घरात पुरली नाही तर गल्लीच कामाला यायची. येवल्याच्या जुन्या भागातल्या गल्ल्या वाहनांसाठी आखलेल्याच नव्हत्या, त्यामुळे आज तिथे चारचाकी अडकली तर चूक चारचाकीची.

पैठणीत वेळ जातो तो काठ आणि पदरात. रंगीत नक्षी छापलेली किंवा वरून भरलेली नसते. प्रत्येक रंगाची वेगळी तिल्ली, म्हणजे धाग्याची छोटी कांडी, असते, ती त्या-त्या जागी उभ्या धाग्यांतून हाताने फिरवायची, आणि शेजारच्या रंगात गुंतवून परत आणायची. बांगडी मोर, मुनिया, असावली असं काही भरगच्च पदरावर घेतलं की एका ओळीला कितीतरी तिल्ल्या नाचवाव्या लागतात. साधी साडी काही दिवसांत निघते, भरलेली साडी महिनोन्‌महिने मागावर राहते. एवढे दिवस भांडवल अडकून पडतं आणि ते विणकराकडे नसतं. इथे व्यापारी येतो. तो रेशीम आणि जर देतो, विणकर मजुरीवर विणतो, साडी व्यापाऱ्याची. रेशीम आज मुख्यतः बंगळुरूकडून येतं, जर सुरतेहून, आणि कच्चा माल रंगवून आसाऱ्यांवर, म्हणजे धागा गुंडाळायच्या फिरक्यांवर, चढतो तो येवल्यात. ही आसारी येवलेकरांच्या इतकी हातात बसलेली आहे की संक्रांतीला पतंगाचा दोराही इथे चक्रीवर नाही, आसारीवरच गुंडाळतात.

त्यामुळे येवल्यात दोन तऱ्हेच्या इमारती शेजारी शेजारी दिसतात. एक विणकराचं घर, ज्यात माग आणि संसार एकाच छपराखाली. दुसरी व्यापाऱ्याची पेढी, ज्यात गाद्या घातलेली बैठक, तिजोरी आणि वर राहतं घर. अलीकडच्या काळात तिसरी आली आहे, काचेची आणि एसी असलेली शोरूम. मुंबई-पुण्याकडून शिर्डीला आलेलं कुटुंब गाडी काढून येवल्याला येतं, पैठणी घेतं. काही शोरूममध्ये एक माग मांडून ठेवलेला असतो, गिऱ्हाइकाला दाखवायला. माझं मत विचाराल तर त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. मधला दलाल गाळून गिऱ्हाईक थेट मागापर्यंत पोचलं तर विणकराच्या हातात दोन पैसे जास्त राहण्याची शक्यता तरी असते. पॉवरलूमवरची साडी पैठणी म्हणून गळ्यात मारणारेही त्याच रस्त्यावर आहेत, ही खरी अडचण. भौगोलिक मानांकन मिळालं म्हणून ती आपोआप सुटत नाही. साडी उलटी करून पाहावी. हातमागावरच्या पदराची नक्षी मागूनही जवळपास तशीच स्वच्छ दिसते, लोंबणारे धागे दिसले तर समजून जावं.

येवल्याला धंद्याबाहेरच्याही दोन ओळखी आहेत. तात्या टोपे यांचा जन्म इथला, १८१४ चा. आणि १३ ऑक्टोबर १९३५ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली ती इथेच. ती जागा आज मुक्तिभूमी आहे. गावातली ही एक मोठी वास्तू अशी, जिचा बाजाराशी काही संबंध नाही.

आगगाडी आली, कौलं आली

१८६५ मध्ये थळ घाटातून रेल्वे वर चढली आणि मुंबई थेट नाशिकच्या पठाराला जोडली गेली. लोहमार्ग गावाच्या सोयीने गेला नाही, चढाच्या आणि पुलांच्या हिशेबाने गेला. चांदवड बाजूला पडलं, सिन्नर बाजूला पडलं, आणि मनमाड जंक्शन झालं. येवल्याला स्टेशन मिळालं ते १८७८ मध्ये, मनमाड-दौंड मार्ग झाल्यावर.

याची खूण छपरावर सापडते. रेल्वेआधीचं घर धाब्याचं किंवा नळीच्या कौलांचं, म्हणजे सगळा माल दहा-पंधरा मैलांच्या आतला. रेल्वेनंतर मंगलोरी कौलं, पन्हाळी पत्रे, लोखंडी गर्डर, ओतीव लोखंडाचे कठडे, शहाबादी फरशी. एखाद्या घराला खाली काळा पाषाण आणि पांढरी, वर मंगलोरी कौलं असतील तर बहुधा जुन्या घराचं छप्पर नंतर बदललेलं असतं. मंगलोरी कौलाच्या मागच्या बाजूला कारखान्याचं नाव उठवलेलं असतं. घर उतरवताना एक कौल बाजूला काढून ते नाव वाचावं. मंगलोरात अशा कौलांचा पहिला कारखाना बासेल मिशनने १८६५ मध्ये काढला, त्यामुळे त्याआधीचं मंगलोरी कौल सापडणारच नाही.

सिन्नर : मोठा धंदा, छोटी इमारत

सिन्नरला तर यादवांची राजधानी होती, देवगिरीच्याही आधी. गोंदेश्वराचं मंदिर त्याच यादवकाळातलं. पण रेल्वे नाही, पाऊस बेताचा, शेतीचा भरवसा नाही. अशा गावात हातांना काम हवं होतं, आणि ते आलं विडीतून.

विडीचा धंदा इमारतींवरून ओळखू येत नाही, म्हणून तो इथे मुद्दाम सांगायला हवा. तेंदूची पानं विदर्भातून आणि त्याहून पूर्वेकडून यायची, तंबाखू निपाणीकडून किंवा गुजरातेतून. दोन्ही सिन्नरला पिकत नाही. सिन्नरकडे होती ती माणसं, मुख्यतः बायका. कारखाना म्हणजे खरं तर मालाचं वाटप आणि जमा करण्याची खोली. बाई पानं, तंबाखू आणि सूत घेऊन घरी जाणार, पानं भिजवून कापणार, ओट्यावर सूप मांडीवर घेऊन विड्या वळणार, आणि बांधून परत आणून देणार. मजुरी हजारावर. नापास झालेल्या विड्या छाट म्हणून काढल्या जायच्या आणि त्यांचे पैसे नाहीत. हजारो लोकांचा कारखाना गावभर घरांच्या ओसरीत पसरलेला, आणि मालकाची इमारत मात्र दोन-तीन खोल्यांची. १९६६ मध्ये विडी कामगारांसाठी केंद्राचा कायदा झाला, त्यात घरी बसून वळणाऱ्या बाईलाही कामगार मानलं, हे त्यातलं महत्त्वाचं.

पुढे विडी आटत गेली, आणि सिन्नरने दुसरा धंदा उभा केला. मुसळगावची सहकारी औद्योगिक वसाहत आणि माळेगावची एमआयडीसी. पुन्हा बाजार गावाबाहेर.

लासलगाव : बाजार समितीने घडवलेलं गाव

लासलगाव तालुक्याचं ठिकाणही नाही. तालुका निफाड. तरी दिल्लीतल्या वर्तमानपत्रात निफाडपेक्षा लासलगावचं नाव जास्त येतं. मुंबई-भुसावळ मार्गावरचं स्टेशन, आजूबाजूला कांद्याचा पट्टा, आणि १९४७ मध्ये स्थापन झालेली बाजार समिती, या तिघांच्या गाठी एकाच जागी पडल्या.

बाजार समिती नेमकं काय करते? पूर्वी शेतकरी माल घेऊन व्यापाऱ्याच्या पेढीवर जायचा. भाव रुमालाखाली बोटं दाबून ठरायचा, वजन व्यापाऱ्याच्या काट्यावर, आणि कटती, म्हणजे मालातून करायची कपात, किती ते त्याच्या मर्जीवर. १९३९ च्या मुंबई प्रांताच्या बाजार कायद्याने, आणि पुढे महाराष्ट्राच्या १९६३ च्या कायद्याने, हा व्यवहार एका आवारात आणला. व्यापाऱ्याला परवाना हवा, लिलाव उघडा हवा, वजनकाटा तपासलेला हवा आणि पावती हवी. सगळा अन्याय त्याने संपला असं कुणी म्हणणार नाही. पण सौदा पेढीच्या गादीवरून मोकळ्या मैदानात आला, आणि त्यामुळे गावाचा आकार बदलला.

मोकळं मैदान लागतं कारण आज कांदा बहुतेक गोण्यांत येत नाही, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत सुटा येतो. सकाळी रांगा लागतात. व्यापाऱ्यांचा घोळका आणि समितीचे कर्मचारी एकेक ट्रॉली करत पुढे सरकतात. कुणी कांदा उचलून दाबून पाहतो, कुणी खालून हात घालून काढतो, कारण वर चांगला आणि आत बारीक ही युक्ती सगळ्यांना पाठ आहे. काही क्षणांत बोली संपते, भाव चिठ्ठीवर पडतो. नंतर ट्रॅक्टर भुईकाट्यावर जातो, तिथून व्यापाऱ्याच्या खळ्यावर जाऊन रिकामा होतो, रिकाम्या ट्रॉलीचं वजन वजा होतं आणि हिशेबपट्टी बनते. हमाली, तोलाई, वाराई ही कपातींची नावं त्याच पट्टीवर असतात आणि त्यावरून दर काही वर्षांनी वाद पेटतो आणि बाजार बंद राहतो.

खळं ही लासलगावची खास इमारत. गावातल्या गल्लीत ती मावत नाही. मोठं आवार, उंच पत्र्याचं छत, बाजू उघड्या म्हणजे वारा खेळता राहावा, आणि ट्रक पाठीमागे लावता यावा इतकी जागा. इथे बायका कांद्याची निवड करतात, आकाराप्रमाणे प्रतवारी होते, गोण्या भरतात आणि ट्रक किंवा रेल्वेच्या रेकमध्ये चढतात. खळी आली म्हणजे त्यांच्या आसपास बारदानवाला, ट्रान्सपोर्ट ऑफिस, चहाचं हॉटेल, बँकेची शाखा, ट्रॅक्टरचे स्पेअर पार्ट्स. गावाचा नवा मध्यबिंदू हाच. शेतकऱ्याच्या बांधावर याच धंद्याची दुसरी इमारत दिसते, ती कांदाचाळ. उन्हाळ कांदा चार-पाच महिने टिकतो, लाल पोळ कांदा टिकत नाही, म्हणून चाळीत जातो तो उन्हाळच.

आणि या सगळ्यात एक अनपेक्षित वास्तू आहे. भाभा अणुसंशोधन केंद्राचा विकिरण प्रकल्प, ‘कृषक’, २००२ पासून लासलगावात आहे. कोबाल्टच्या गॅमा किरणांचा ठरावीक मारा दिला की कांद्याला कोंब फुटत नाही. आंब्यातली कीडही अशीच मारता येते, म्हणून परदेशी जाणारा आंबाही इथून जातो. खळ्याच्या गावात अणुऊर्जा खात्याची इमारत का, याचं उत्तर पुन्हा तेच, माल इथे थांबतो म्हणून.

पिंपळगाव बसवंतला हेच द्राक्ष आणि टोमॅटोच्या बाबतीत झालं. फरक इतकाच की तिथे आधार रेल्वेचा नव्हता, आग्रा रोडचा होता. टोमॅटो नाशवंत, तो ट्रकनेच जाणार.

मग जुनी पेठ पडून का राहते?

धंदा गेला तर दुकान विकून टाकावं, वाडा पाडून नवीन बांधावा. तसं का होत नाही?

पहिलं कारण भाडं. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने ज्या शहरांत तो लागू झाला तिथे जुनी भाडी गोठली. महिन्याला काही रुपये भाडं देणारा भाडेकरू जागा सोडत नाही, आणि काही रुपये घेणारा मालक कौल बदलत नाही. १९९९ चा नवा कायदा मार्च २००० पासून लागू झाला, त्यात वर्षाला ४ टक्के वाढीची मुभा आहे. पंधरा रुपयांवर चार टक्के म्हणजे साठ पैसे. यातून छप्पर शाकारलं जात नाही.

दुसरं कारण कागद, आणि इथे बहुतेकांचा गोंधळ असतो. शेतजमिनीला सातबारा असतो कारण तिच्यावर सारा होता. गावठाणातल्या घराला सारा नव्हता, म्हणून सातबाराही नाही. ग्रामपंचायतीत नमुना ८ मिळतो, पण तो करआकारणीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नव्हे. जिथे सिटी सर्व्हे झाला तिथे मालमत्ता पत्रक, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड मिळतं. २०२० मध्ये स्वामित्व योजना सुरू झाली आणि गावठाणांची मोजणी ड्रोनने होऊ लागली, ती हीच उणीव भरून काढायला. ज्या घरांचं कार्ड आहे त्यावर आजोबा, मग पाच मुलगे, तीन मुली, मग नातवंडं अशी वीस-पंचवीस नावं चढलेली असतात. एकाची सही ठाण्याला, एकाची अमेरिकेत, एक बोलतच नाही. वाडा उभा असतो तो दगडावर नव्हे, या न जुळणाऱ्या सह्यांवर.

आपल्या गावातल्या एखाद्या घराचा इतिहास काढायचा असेल तर सुरुवात प्रॉपर्टी कार्डापासूनच करावी, मग दुय्यम निबंधकाकडची नोंदवलेल्या दस्तांची सूची, मग नगरपालिकेची जुनी करआकारणी. येवला आणि सिन्नर या दोन्ही नगरपालिका १८५७ च्या लगोलग स्थापन झालेल्या, तेव्हा जुनी दप्तरं असण्याची शक्यता चांगली. घरात मोडी कागद असतील तर रद्दीत घालू नयेत, मोडी वाचणारे नाशिकमध्ये मिळतात. आणि १८८३ चं नाशिक जिल्ह्याचं गॅझेटियर जरूर पाहावं. त्यात गावोगावचे बाजार, माग, देवळं, रस्ते यांची नोंद आहे. ते इंग्रज अधिकाऱ्याच्या नजरेतून लिहिलेलं आहे एवढं ध्यानात ठेवावं. विडी वळणारी बाई किंवा ताणा पसरणारा पोरगा त्यात शोधू नये, सापडणार नाहीत.

आता पुढची वाट

हायवेने जे केलं ते रेल्वेपेक्षा वेगळं होतं. रेल्वे फक्त स्टेशनवर थांबायची, हायवेवर कुठेही थांबता यायचं. म्हणून दुकानं रस्त्याच्या कडेला लांबच लांब पसरली. सिन्नरचा बायपास झाला, पुणे रोडची वाहनं गावात शिरायची थांबली, आणि गावातल्या स्टँडजवळच्या हॉटेलांचं गिऱ्हाईक बायपासच्या ढाब्यांवर गेलं.

समृद्धी महामार्ग पुन्हा रेल्वेच्या जातीचा आहे. ७०१ किलोमीटरचा हा रस्ता २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला, तो सिन्नर आणि इगतपुरी तालुक्यांतून जातो, पण त्याला दोन्ही बाजूंनी कुंपण आहे. कडेला टपरी टाकता येत नाही, वाटेल तिथे गाडी वळवता येत नाही. चढण्या-उतरण्याची ठिकाणं मोजकी, सिन्नरसाठी गोंदे. त्यामुळे ज्यांची शेतं महामार्गाला लागून आहेत पण इंटरचेंजपासून लांब आहेत त्यांना दिवसरात्र फक्त गाड्यांचा आवाज मिळतो, आणि गोंद्याजवळच्या शेताला गोदामवाले विचारायला येतात.